मटण बंद झाले, आता ताटात काय वाढायचे?

पत्र: आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे. घरात यजमान, मी, सासूबाई, 16 वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा असे आम्ही पाच जण. बुधवार आणि रविवार मटणाचे ठरलेले. दोन्ही वारांचे मिळून आठवड्याला दीड किलो मटण येते. यजमानांचे वय 52, वजन 70 किलो. महिन्यापूर्वी तपासणीत त्यांचे एलडीएल (म्हणजे वाईट समजले जाणारे) कोलेस्टेरॉल 168 आले, तेव्हा डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली आणि रेड मीट बंद करायला सांगितले. आता त्या दोन दिवशी मी बटाट्याची भाजी किंवा पनीर करते. ते अर्धपोटी उठतात, संध्याकाळी गाड्यावरचे चिकन सिक्स्टी फाइव्ह खाऊन येतात आणि अंगात त्राण राहिले नाही असे म्हणतात. सासूबाईंचे म्हणणे, मटणाशिवाय कष्टाच्या माणसाला ताकद कुठून येणार? त्यांना स्वतःला गुडघ्यांसाठी पायाचे सूप लागते. मुलीचे हिमोग्लोबिन 9.8 आहे आणि तिला कलेजी खाऊ घाला असे शेजारी सांगतात. घरची म्हैस आहे, दुधादुभत्याला तोटा नाही. पुढच्या महिन्यात गावची यात्रा आहे. एकाला बंद आणि बाकीच्यांना चालू, हे एका चुलीवर कसे जमवायचे, आणि मटणाच्या जागी नेमके काय करायचे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

डॉक्टरांनी मटण बंद केले आहे ते तुमच्या यजमानांचे, सगळ्या घराचे नव्हे, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करा, कारण मुलीची गरज वेगळी आहे आणि सासूबाईंची त्याहून वेगळी. यजमानांपासून सुरुवात करते, कारण तुमची सगळ्यात मोठी काळजी त्यांच्या ताकदीची आहे आणि ती थोडा हिशेब मांडला की बरीच हलकी होईल.

घरातल्या कर्त्या माणसाच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त फोडी जातात असे धरून चालू. एका वेळी पाव किलो म्हटले, तर आठवड्याला अर्धा किलो झाले. त्यातून हाडांचे वजन वजा केले की साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मांस उरते. बोकडाच्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात साधारण 20 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे आठवड्याची 70 ग्रॅम आणि दिवसाची सरासरी 10 ग्रॅम. मटण बंद झाल्याने यजमानांच्या आहारातून गेलेली प्रथिने एवढीच आहेत. 50 ग्रॅम मटकी, म्हणजे मोड येण्यापूर्वीची एक चांगली मूठभर मटकी, ही दिवसाची तूट एकटी भरून काढते. आठवड्याच्या उरलेल्या पाच दिवशी त्यांची ताकद भाकरी, आमटी, उसळ, दूध आणि शेंगदाण्यावरच चालत होती, हे सासूबाईंनाही या हिशेबासह सांगता येईल.

मग त्राण गेल्यासारखे का वाटते? एक कारण तुम्हीच लिहिले आहे: ते अर्धपोटी उठतात. पण दुसऱ्या शक्यतेकडे दुर्लक्ष करू नका. कोलेस्टेरॉलसाठी रात्री दिली जाणारी गोळी बहुतेक वेळा स्टॅटिन गटातली असते आणि काही जणांना तिच्यामुळे स्नायू दुखणे, थकवा, पायांत गोळे येणे असा त्रास होऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्र "गोळी सुरू झाल्यापासून असे वाटते" हे डॉक्टरांना पुढच्या भेटीची वाट न पाहता सांगावे. सोबत बी-12, थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासायची का, हेही विचारावे. बी-12 हे जीवनसत्त्व आपल्याला प्राणिज अन्नातूनच मिळते हे खरे, पण निरोगी माणसाच्या यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. महिनाभर मटण खाल्ले नाही म्हणून ते संपत नाही. तपासणीत कमी निघालेच, तर ती कमतरता आधीपासूनची समजावी आणि तिच्यावर वेगळे उपचार घ्यावेत.

आता बुधवार-रविवारच्या ताटाकडे येऊ. मटणाच्या जागी बटाटा आला, तेव्हा प्रथिनांच्या जागी पिष्ट आले. भाकरी आणि भाताबरोबर ते दुप्पट झाले, जेवणाचे समाधान झाले नाही आणि दोन तासांत भूक लागली. संध्याकाळचा गाडा त्या भुकेचे उत्तर आहे, त्यामुळे त्यांना रागावून उपयोग नाही. पनीरबद्दल मात्र अनेक घरांत मोठा गैरसमज आहे. ते शाकाहारी आहे म्हणून हृदयाला सोसणारे आहे असे आपण धरून चालतो. म्हशीच्या दुधाच्या 100 ग्रॅम पनीरमध्ये 20 ग्रॅमहून अधिक स्निग्धांश असतो आणि त्यातला बराचसा संपृक्त, म्हणजे ज्याच्यामुळे एलडीएल चढते त्याच जातीचा. चरबी काढलेल्या बोकडाच्या मांसात याहून पुष्कळ कमी स्निग्धांश असतो. तेव्हा यजमानांसाठी मटण काढून त्या जागी दर आठवड्याला दोनदा पनीर मसाला वाढणे म्हणजे औषध घेऊन पथ्य मोडणे होईल. कधीतरी, थोडे, कमी तेलात केलेले पनीर चालेल. मटणाचा पर्याय म्हणून ते नको.

हाच नियम घरच्या दुधालाही लावावा लागेल. म्हशीच्या दुधात 6 ते 8 टक्के स्निग्धांश असतो. दूध तापवून, थंड करून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वरची जाड साय काढली आणि हीच कृती पुन्हा एकदा केली की यजमानांपुरते दूध बरेच हलके होते. त्याचेच दही लावावे, ताक करावे. सायीचे तूप मुलांच्या ताटात जाऊ द्या.

आणि रश्श्याबद्दल बोलल्याशिवाय कोल्हापूरकडच्या घराला आहाराचा सल्ला देता येत नाही. पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध, काजू, खसखस. तांबड्यात भाजलेले सुके खोबरे आणि वर बोटभर तर्री. सुक्या खोबऱ्याच्या वजनात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो आणि तो बहुतेक सगळा संपृक्त. फोडी काढून टाकल्या आणि त्याच वाटणात, त्याच तेलात बटाटे किंवा अंडी सोडली, तर नुसत्या पथ्याने एलडीएल फारसे उतरणार नाही आणि घरात सगळे म्हणतील, मटण सोडूनही काही झाले नाही. म्हणून वाटणातले खोबरे एक तृतीयांशावर आणा. उरलेल्या दाटपणासाठी तीळ, थोडे भाजलेले शेंगदाणे, चमचाभर फुटाण्याचे पीठ आणि चांगला लालबुंद भाजलेला कांदा घ्या. तीळ आणि शेंगदाण्यातही तेल असते, परंतु ते मुख्यतः असंपृक्त असते, आणि भाजलेल्या कांद्यामुळे रश्श्याला जो गोडसर खमंगपणा येतो तो खोबऱ्याची उणीव पुष्कळशी भरून काढतो.

माझा अनुभव असा आहे की मटण सोडणाऱ्यांना फोडीपेक्षा रश्श्याची आठवण अधिक येते. वाटीतला गरम झणझणीत रस्सा, त्यात कुस्करलेली भाकरी, वर लिंबू आणि कच्चा कांदा: बुधवारी त्यांना हवे असते ते हे. ते त्यांच्यापासून काढून घेऊ नका. रस्सा तोच ठेवून त्यात काय शिजते एवढेच बदला, आणि त्यासाठी आपल्याच भागातला आख्खा मसूर हा माझ्या मते सर्वांत चांगला पदार्थ आहे. कराड, इस्लामपूर, कोल्हापूर या पट्ट्यातले ढाबे तो वर्षानुवर्षे विकत आले आहेत आणि मटण खाणारी माणसेही तो आवडीने मागवतात.

पाच माणसांसाठी पाव किलो अख्खा, सालीचा मसूर घ्यावा. तो दोन-तीन तास भिजवून, मीठ-हळद घालून उघड्या पातेल्यात शिजवावा, म्हणजे त्याच्यावर लक्ष राहते. दाणा बोटांत दाबला की चुरडला पाहिजे, पण पातेल्यात फुटून डाळीसारखा मिळून येता कामा नये. शिजवलेले पाणी टाकू नये, रस्सा त्याच पाण्याचा करायचा आहे. जाड बुडाच्या कढईत पाच लहान चमचे तेल तापवून त्यात बारीक चिरलेला कांदा तपकिरी होईपर्यंत परतावा, आले-लसूण जरा सढळ हाताने घालावे, मग टोमॅटो, वर सांगितलेले कमी खोबऱ्याचे वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी. मसाला कढईला सोडू लागेपर्यंत परतायला जास्तीचे तेल लागत नाही, मधूनमधून गरम पाण्याचा हबका पुरतो. मग मसूर आणि त्याचे पाणी घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे रटरटू द्यावे आणि वाढण्यापूर्वी अर्धा तास झाकून ठेवावे, कारण मसाला दाण्यात मुरायला तेवढा वेळ लागतो. बाजारच्या किंवा घरच्या चटणीत मीठ असतेच, त्यामुळे वरून मीठ चाखूनच घालावे. यातून माणशी 10 ते 12 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि त्यासोबत मटणात अजिबात नसलेली एक गोष्ट मिळते, ती म्हणजे तंतू. कडधान्यांतले विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात, ती शरीराबाहेर जातात आणि नवी तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. रोज साधारण 130 ग्रॅम, म्हणजे मध्यम वाटीभर शिजवलेली कडधान्ये खाल्ल्याने एलडीएल सुमारे 5 टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात 2014 मध्ये दिसून आले आहे. गोळीइतका हा परिणाम मोठा नाही, पण गोळीच्या जोडीला तो मोलाचा आहे.

मसुराला कंटाळले की मटकी, हुलगे, पावटा, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा यांना पाळीपाळीने आणा. अळणी रस्सा पिण्याची सवय असेल, तर हुलग्याचे कढण करा: हुलगे शिजवलेल्या पाण्यात ठेचलेला लसूण, मिरे, जिरे, चवीपुरते मीठ आणि दोन आमसुले. जेवणाआधी वाटीभर गरम कढण घेतले की पंगतीत बसल्याचे समाधान मिळते. खिमा आवडत असेल तर सोयाबीनच्या वड्या उपयोगी पडतात. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन मुबलक पिकते आणि तरीही घराघरांत त्या वड्यांबद्दल "वास येतो" अशी तक्रार असते, कारण त्या नीट धुतल्या जात नाहीत. मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून गार पाण्यात काढाव्यात आणि पिळलेले पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीनदा घट्ट पिळाव्यात. मग मिक्सरमधून एकदाच फिरवून भरड करावी आणि वाटाण्यासह खिम्याच्याच मसाल्यात परतावी. सुक्या वड्यांच्या वजनात निम्मी प्रथिने असतात, त्यामुळे माणशी 25 ग्रॅम वड्या एका वेळेला पुरेशा होतात.

फणसाची कुयरी आणि अळंबी यांच्याबद्दल एक सूचना करते. दोन्ही मटणाच्या मसाल्यात सुरेख लागतात, दाताखाली फोडीसारख्या येतात आणि म्हणून "शाकाहारी मटण" अशी त्यांची ओळख झाली आहे. प्रथिने मात्र दोन्हींत फारच कमी, 100 ग्रॅममध्ये दोन-तीन ग्रॅम. ती जरूर करा, पण त्या दिवशी सोबत घट्ट आमटी किंवा उसळ असलीच पाहिजे, नाहीतर बटाट्याचीच गोष्ट पुन्हा होईल.

यजमान मांसाहारी आहेत आणि त्यांना फक्त लाल मांस बंद आहे. बोकड, मेंढी, म्हैस, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांचे मांस त्यात येते, आणि खिमा, कलेजी, वजडी, मुंडी, रक्ती हे सगळे प्रकारही त्यात येतात. "मटण नाही, नुसती मुंडी आहे" अशी सवलत नाही. मासे आणि कोंबडी त्यात येत नाहीत. कोकणातून घाट चढून येणारे बांगडे आणि तारल्या स्वस्त असतात, त्यांच्यात हृदयाला हितकर असे ओमेगा-3 भरपूर असते आणि बी-12 सुद्धा. आठवड्यातून दोनदा ते आमटीत किंवा तव्यावर चमचाभर तेलात भाजून करा; यूरिक ॲसिड वाढलेले असेल तर हे दोन मासे टाळून रोहू-कटला घ्या. सुक्या माशांत मीठ फार असते, रक्तदाब असल्यास ते नकोत. कोंबडी कातडे काढून, रश्श्यात शिजवून खावी. गाड्यावरचे सिक्स्टी फाइव्ह नको म्हणण्याचे कारण कोंबडी नाही, तर तेच तेल पुन्हापुन्हा तापवून होणारे तळण आहे. चार-साडेचारच्या सुमारास मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि ताक त्यांच्या हाताशी ठेवा, म्हणजे त्या गाड्यापाशी पोहोचताना भूक निम्मी झालेली असेल. रोज एक अंडे बहुतेकांना चालते. त्यांच्या आकड्यांसह पिवळे बलक आठवड्याला किती चालतील ते डॉक्टरांना विचारा, पांढऱ्या भागाला मर्यादा नाही.

हे सगळे एका दिवसात मांडून दाखवते. प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 0.8 ते 1 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे यजमानांना 56 ते 70 ग्रॅम. दिवसभरात ज्वारीच्या मध्यम आकाराच्या चार भाकरी मिळून 20 ग्रॅम, 50 ग्रॅम मटकीच्या उसळीतून 11, 30 ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट आमटीतून 6, एका अंड्यातून 6, साय काढलेले दूध आणि दही मिळून 300 मिलिलिटर त्यातून 11, आणि 30 ग्रॅम शेंगदाण्यातून 7. बेरीज 61. ज्या दिवशी मासे, कोंबडी किंवा सोयाबीन असेल त्या दिवशी ती 70 च्या वर जाईल. या ताटात तुमच्या घरी आजही नसलेला एकही पदार्थ नाही, आणि विकतच्या प्रोटीन पावडरची मुळीच गरज नाही. आमटी घट्ट असली पाहिजे, एवढी अट मात्र पाळा. पळीतून पाण्यासारखी ओघळणारी आमटी या हिशेबात धरता येत नाही.

सासूबाईंना पटवायचे असेल तर श्रावणाची आठवण द्या. दरवर्षी महिनाभर घरात मटण शिजत नाही आणि शेतातली कामेही थांबत नाहीत. फक्त श्रावणातल्या उपवासाचे जेवण या कामाचे नाही. साबुदाणा आणि बटाट्यावर माणूस महिनाभर तग धरतो, त्याचे पोषण होत नाही.

लाल मांसाने कर्करोग होतो असे अर्धवट ऐकून अनेक जण घाबरतात, म्हणून थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर 2015 मध्ये सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले आणि लाल मांसाला "बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवले. प्रक्रिया केलेले मांस रोज 50 ग्रॅम खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. लाल मांसाबाबत जागतिक कर्करोग संशोधन निधीने सुचवलेली मर्यादा आठवड्याला शिजवलेले 350 ते 500 ग्रॅम अशी आहे. तुमच्या दीड किलोतून यजमानांचा वाटा काढला, तर उरलेल्या चौघांना हाडांसह माणशी पाव किलो कच्चे मटण येते, म्हणजे शिजल्यावर ते त्या मर्यादेच्या खूपच खाली राहते. त्यांच्यासाठी भीतीपोटी मटण बंद करण्याचे कारण नाही. बुधवार सगळ्यांसाठी मसुराचा आणि रविवार बाकीच्यांसाठी मटणाचा असे ठेवले, तर चुलीवरचा तुमचा दुहेरी खटाटोपही निम्म्यावर येईल. वाटण आणि मसाला एकच करायचा, शेवटी दोन पातेली वेगळी.

मुलीची गोष्ट मला यजमानांच्या कोलेस्टेरॉलइतकीच गंभीर वाटते. तिच्या वयात हिमोग्लोबिन 12 च्या वर हवे, 9.8 हा आकडा केवळ खाण्यापिण्याने भरून निघण्यासारखा नाही. तिला डॉक्टरांकडे नेऊन ते कमी होण्याचे कारण शोधा, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का हे तिला विश्वासात घेऊन विचारा, आणि लोहाच्या गोळ्या सांगितल्या तर हिमोग्लोबिन वर आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा. कलेजीबद्दल शेजारी चुकीचे सांगत नाहीत. मांसातले लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा शरीरात कितीतरी सहज शोषले जाते आणि कलेजीत बी-12 देखील भरपूर असते. आठवड्यातून एकदा थोडी कलेजी तिला अवश्य द्या. वडिलांचे मटण बंद झाले म्हणून मुलीचेही आपोआप बंद होऊ नये, यासाठी मी हे मुद्दाम ठासून लिहीत आहे. कडधान्यांतले लोह तिला अधिक मिळावे म्हणून उसळीवर लिंबू पिळावे, कडधान्यांना मोड आणावेत, भाजी लोखंडी कढईत करावी, आणि चहा जेवणाच्या वा गोळीच्या आधी-नंतर किमान एक तास लांब ठेवावा. सकाळी पोह्यांसोबत चहा ही आपल्याकडची सवय पोह्यांतल्या लोहाचा बराचसा भाग वाया घालवते.

सासूबाईंच्या सुपातले कोलॅजन पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखेच पचते; ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही आणि हाडे उकळलेल्या पाण्यात कॅल्शियमही फार उतरत नाही. पण म्हातारपणी भूक मंदावलेली असते, गरम सूप घशाखाली उतरते आणि त्यांना बरे वाटते, म्हणून ते हिरावून घेऊ नका. गार करून वर गोठलेली चरबी काढून टाका आणि मग गरम करून द्या. कॅल्शियमसाठी त्यांना नाचणीची भाकरी किंवा आंबील आणि रोज दूध द्या.

राहिली यात्रा. पुढची लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची, तपासणी होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, यजमानांनी मटण पूर्ण बंद ठेवावे आणि त्यात यात्राही धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या काळात मधे मधे सवलत घेतली तर आकडा कशाने उतरला आणि कशाने नाही, हे डॉक्टरांनाही कळणार नाही. त्या आकड्यांनंतर महिन्यातून एखादे वेळी चार फोडी चालतील का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. यात्रेला पाहुण्यांत माळकरी असतातच आणि त्यांच्यासाठी वेगळे पातेले चढतेच. त्या पातेल्यात या वर्षी आख्खा मसूर मोठा करा, यजमानांनी पंगतीत वाढप्याचे काम हाती घ्यावे आणि शेवटी माळकऱ्यांच्या पंगतीला बसावे. यजमान वाढतो आणि मागून जेवतो ही रीतच असल्याने कुणी "दोन फोडी तरी घ्या" म्हणून त्यांचे ताट धरणार नाही. तरीही आग्रह झालाच तर "डॉक्टरांनी बंद केले आहे" हे वाक्य त्यांनी स्वतः, मोकळेपणाने बोलावे. ते त्यांच्या वतीने तुम्हाला बोलावे लागू नये.

शेवटी तुमच्याबद्दल. पत्रात पाचही माणसांची नोंद आहे, चौघांच्या ताटाचा विचार आहे आणि तुमच्या स्वतःच्या ताटाबद्दल एक ओळही नाही. सगळ्यांचे वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाट्याला फोडी किती येतात आणि रस्सा किती, हे मला अनेक घरांतून ठाऊक आहे. ज्या घरात मुलीचे हिमोग्लोबिन 9.8 आहे त्या घरात आईचेही तपासलेले नसते, हेही वारंवार पाहिले आहे. पातेल्यातला मसूर वाढायला घेतानाच तुमची वाटी भरून बाजूला ठेवत जा. मुलीला तपासणीला न्याल त्याच दिवशी तुमचेही हिमोग्लोबिन आणि बी-12 पाहून घ्या. अहवाल आले की ते आकडे आणि तुम्ही स्वतः दिवसभरात काय जेवता याची चार ओळींची नोंद मला पाठवा, म्हणजे पुढचे उत्तर तुमच्यासाठी लिहिता येईल.